अठरा गिअरच्या नर्सबाई

बाई सायकलवरून पडल्या की आधी लसीचा डबा उघडून बघायच्या आणि मग स्वतःचा गुडघा. दुसरं कुणी पडलं तरी क्रम हाच. मी पहिल्यांदा फॉरेस्टातल्या चरात उताणी पडले तेव्हा त्यांनी लांबूनच विचारलं, "बाटल्या हायेत का धड?" मी डबा उघडला, बाटल्या मोजल्या, आहेत म्हणाले. "मग ऊठ की," म्हणाल्या आणि पुढे निघाल्या. कोपरातून रक्त येतंय हे मी सांगेपर्यंत त्या पुढच्या बोरीपाशी पोचल्या होत्या. तिथूनच ओरडल्या, "नर्स हायस ना तू? बांध की मग."

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. शिरूरमध्ये वाढलेली, म्हणजे स्वतःला पार शहरातली समजणारी. नव्वदचं दशक संपत आलं होतं. घोड नदीच्या बाजूला, इनामगावच्या अलीकडे एका गावात आरोग्य उपकेंद्र होतं, तिथे अकरा महिन्यांच्या तात्पुरत्या नेमणुकीवर मला पाठवलं. काम बरं केलं, तक्रार आली नाही तर पुढे कायम करू, असं आदेशातच लिहिलेलं. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक टेबल, एक हातपंप आणि बाई. बाईंच्या नोकरीला तीस वर्षं होत आली होती. घरी नवरा नव्हता, मूल नव्हतं आणि त्याबद्दल कुणी हळहळलं तर त्या म्हणायच्या, "तीन गावची पोरं माझ्या हातनं जल्मलीत, आणखी किती पायजेत?"

सायकल त्यांना केडगावात मिळाली होती. बाईंची तिथे नेमणूक असताना गवताळ रानातले पक्षी बघायला आलेली एक परदेशी पाहुणी आजारी पडली. बाईंनी आठ दिवस सकाळ-संध्याकाळ जाऊन तिला इंजेक्शनं दिली. ती बरी झाली आणि मायदेशी जाताना आपली सायकल बाईंच्या दारात लावून गेली. डोंगरात चालवायची सायकल, जाड खरबरीत टायर, अठरा गिअर. आमच्या गावात ती आली तेव्हा पोरंच काय, बापेही गिअर मोजायला यायचे. बाई त्यातले तीनच वापरायच्या. "एक चढाचा, एक उताराचा, आन् एक गावातनं जाताना ऐटीचा. बाकीचे सरकारी स्टाफसारखे. नुसते हजेरीला."

सायकल पुरुषी, मधला दांडा आडवा. बाई पांढरी साडी कासोट्यासारखी मागे खोचायच्या, आत पुतण्याची जुनी पँट, पायात कॅनव्हासचे बूट, आणि निऱ्या साखळीत जाऊ नयेत म्हणून गुडघ्यापाशी टाके घालायचा चिमटा लावलेला. मोठे डॉक्टर एकदा भेटीला आले आणि चिमटा बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. हे शस्त्रक्रियेचं हत्यार आहे, म्हणाले. बाई म्हणाल्या, "व्हय साहेब, उकळूनच लावलाय." त्यांनी रजिस्टर मागवलं, सही केली आणि जीपमध्ये जाऊन बसले.

आता फॉरेस्टाचं सांगायला हवं. जंगल म्हटलं की लोकांना उंच झाडं आणि गर्द सावली आठवते. आमचं तसं नव्हतं. मुरमाड उतार, कंबरेएवढं गवत, हिवर, खैर, बोरी, बाभळी, खात्यानं लावलेले कडुनिंब, आणि पावसाचं पाणी अडवायला उतारावर आडवे खणलेले चर. एक चर आणि त्याच्या मातीचा बांध ओलांडला की वीस-तीस पावलांवर दुसरा. सायकलवर बसणाऱ्याच्या सहनशक्तीची परीक्षा बघायलाच कुणीतरी खणलेत असं वाटायचं. त्यात चिंकारा होते, खोकड होते, मोर होते, आणि वर्षातून एक-दोनदा लांडगा दिसायचा. ते राखीव जंगल होतं आणि आत जायला मनाई होती.

या फॉरेस्टाच्या पलीकडे धनगरांची वस्ती होती, वीसेक घरांची. रस्त्यानं तिथे जायचं तर सकाळच्या एसटीनं फाट्यापर्यंत आणि पुढे दोन तास पायपीट. पोचेपर्यंत अकरा वाजायचे. तोवर बायका लेकरं काखेला मारून मेंढरांमागे नाहीतर खुरपायला गेलेल्या. घरांना कुलपं आणि सावलीला दोन-चार म्हातारे. बाईंच्या आधीच्या नर्सेस रजिस्टरला 'घर बंद' असं लिहून परत यायच्या. त्यांचंही चूक नव्हतं. एका वर्षी वस्तीवर गोवर आला आणि हिराबाई नावाच्या बाईची दोन मुलं एका आठवड्यात गेली. दोघांच्याही नावापुढे रजिस्टरला 'घर बंद' लिहिलेलं होतं. बाई बदलून आमच्या गावी आल्या त्या साली हे झालं. त्यांनी ते पान मला पहिल्याच दिवशी उघडून दाखवलं आणि मिटलं.

फॉरेस्टातून सरळ सायकल मारली की मात्र पाऊण तासात वस्ती. सकाळी सातला बाई हजर, चुली पेटलेल्या, लेकरं घरात. दर मंगळवारी.

मनाई असून बाई आत कशा जायच्या, तर शेखभाऊंमुळे. शेखभाऊ तिथले वनरक्षक, शिरूरच्या जुन्या घराण्यातले, वडीलही याच खात्यात वॉचमन होते. ते बाईंना घेऊन आपल्या साहेबांकडे गेले आणि तोंडी परवानगी काढून आणली. अट एकच. ती शेखभाऊंनी माझ्यासमोर पुन्हा एकदा बजावली होती. "वाट पडली न्हाई पायजे, बाई. तुमच्या चाकाची वाट दिसली की तिच्यावरनं मेंढरं येत्यात, मेंढरांमागं मोटरसायकल, आन् मोटरसायकलीमागं लाकूडवाला. ज्या दिवशी वाट दिसंल त्या दिवशी परवानगी बंद." आणि परवानगी बंद म्हणजे मंगळवार बंद, रजिस्टरला पुन्हा 'घर बंद'.

म्हणून बाईंनी स्वतःची एक पद्धत काढली होती. फॉरेस्टातून जायच्या त्यांच्या सहा लाइनी होत्या. बोरीची लाइन, मोठ्या चराची लाइन, मोराची, पडक्या चौकीची, खोकडाची, आणि एक नुसती 'वाकडी'. या मंगळवारी जी लाइन धरली ती पुढे दीड महिना धरायची नाही. आत शिरायची जागाही दर वेळी वेगळी. मुरमावर चाक उमटत नाही, मातीवर उमटतं, म्हणून माती आली की सायकल खांद्यावर घ्यायची. छप्पन्न वर्षांच्या बाई, खांद्यावर अठरा गिअरची सायकल, पाठीला जुन्या लुगड्याच्या झोळीत बांधलेला लसीचा डबा, अशा तुरुतुरु चालायच्या की मी मागे पडायचे. लाइनींचा नकाशा काढून द्या म्हटलं तर म्हणायच्या, "कागदावर आलं की कुणीतरी वाचतंय."

सायकल त्यांनीच मला शिकवली. म्हणजे मला येत होती, शिरूरच्या डांबरी रस्त्यावरची. गावातल्या वाण्याकडची जुनी सायकल माझ्यासाठी मागून आणली आणि पहिल्याच मंगळवारी मला चरावर घातलं. "चर आला की उभी ऱ्हायचं. बूड सीटवर ठेवलंस तर मणका सरकारजमा." "चाकाकडं बघू नगंस. त्याला म्हाईत हाय कुठं जायाचं. तू पुढचा दगूड बघ." उतारावर मी दोन्ही ब्रेक करकचून दाबायचे आणि मागचं चाक सरकून मी बाभळीत जायचे. बाई काटे काढता काढता म्हणायच्या, "आवळतीस कशाला? बाळतपणात पण आसंच करतीस का?" मला राग यायचा आणि हसूही यायचं. पाचव्या का सहाव्या मंगळवारी मी सबंध उतार पाय न टेकवता उतरले. तेव्हा बाईंनी नुसतं मागे वळून बघितलं. तेवढ्यानं मी दिवसभर हवेत होते.

त्यांचे डोळे फार तेज होते. पन्नाशी उलटली तरी चष्मा नव्हता. रोज सकाळी चाक फिरवून टायरमध्ये रुतलेला सराटा उभ्या उभ्या टिपायच्या. मला तो त्यांनी बोट दाखवलं तरी पटकन सापडत नसे. माळाच्या दुसऱ्या टोकाला चिंकारा उभा आहे की वाळलेलं झुडूप, आणि चिंकारा असला तर नर की मादी, हे त्या सायकल न थांबवता सांगायच्या.

जनावरांना माणसाची चाहूल लागावी, अचानक समोरासमोर येऊ नये, म्हणून फॉरेस्टात मोठ्यानं बोलत जायचं, असा त्यांचा नेम होता. घंटी वाजवायच्या नाहीत, ती म्हणे हरणाच्या काळजाला लागते. मग त्या लसीकरणाचं वेळापत्रक म्हणायच्या. खणखणीत आवाजात, चढाला धापा टाकत. "जल्मल्याबरुबर बीसीजी. दीड महिन्याला ट्रिपल आन् पोलिओचा पयला डोस. अडीच महिन्याला दुसरा." चर आला की मधेच थांबून, उडी मारून, "नवव्या महिन्याला गोवर" असं म्हणत पलीकडे उतरायच्या. त्या फॉरेस्टातल्या खोकडांना हे वेळापत्रक माझ्याआधी पाठ झालं असणार.

फक्त एका जागी त्या गप्प व्हायच्या. सगळ्या लाइनी मधल्या एका माळाच्या कडेनं जायच्या. तिथे झाडं नव्हती, नुसतं पिवळं गवत आणि वारा. परत येताना बाई तिथे उतरायच्या, सायकल आडवी ठेवायच्या आणि भाकरी सोडायच्या. अर्धा तास एक शब्द नाही. मी सुरुवातीला बोलायला जायचे तर हातानं थांबवायच्या. कधी पाच-सहा चिंकारा चरत चरत जवळ यायचे, शेपट्या हलत असायच्या. बाईंचा घास हातात तसाच. एकदा तिथून उठताना म्हणाल्या, "रिटायर झाल्यावर मी काय देवाला जायची न्हाई. शेखभाऊंना सांगून हितंच येत जाईन. मंगळवारीच." उठून त्यांनी निऱ्यांना चिमटा लावला आणि वाकडी लाइन धरली. त्या फॉरेस्टावर इतकं प्रेम केलेलं दुसरं माणूस मी पाहिलं नाही, खात्यातसुद्धा नाही.

आणि मी काय केलं ते आता सांगते.

त्या हिवाळ्यात राहू गावी बाईंची थोरली बहीण पडली, मांडीचं हाड मोडलं. बाई तीन आठवड्यांच्या रजेवर गेल्या. जाताना सायकल माझ्या हवाली केली आणि एकेक लाइन तोंडी घोकून घेतली. पहिल्या मंगळवारी मी बोरीची लाइन धरली आणि तासभर फिरून जिथून शिरले होते तिथेच बाहेर आले. वस्तीवर पोचले तेव्हा दहा वाजून गेले होते. घरं बंद. हिराबाईची सासू तेवढी दारात होती, ती म्हणाली, "आज बाई न्हाई आल्या व्हय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नेमकी त्याच दिवसांत पोलिओची मोहीम लागली. वस्तीवर एकदा नाही, लागोपाठ जायचं होतं. पुन्हा चुकायचं नाही म्हणून मी दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगच्या गॉजच्या पट्ट्या कापल्या आणि, शेखभाऊंनी वाट दाखवत मला वस्तीवर पोचवल्यावर, आल्या वाटेनं एकटीच परतताना दर पाच-दहा झाडांआड एक पट्टी बांधत आले. पांढऱ्याशुभ्र, लांबून दिसणाऱ्या. आपल्या हुशारीवर मी खूश होते. तीन आठवड्यांत त्याच रेषेनं मी दहा-बारा फेऱ्या केल्या. माती आली तरी उतरले नाही, उशीर होत होता. वस्तीवरचं एकही मूल सुटलं नाही, हे खरं. पण गवत चाकाखाली आडवं झालं ते उठलं नाही. मग त्यावरून मेंढरं आली. मग एक दिवस मला मोटरसायकलच्या चाकाची नक्षी दिसली, आणि तरी मी कुणाला काही बोलले नाही.

बाई परतल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी फॉरेस्टची जीप उपकेंद्रासमोर थांबली. शेखभाऊ खाली मान घालून उतरले. त्यांच्यामागे त्यांचे साहेब, हातात मूठभर गॉज. रात्रीतून चार कडुनिंब आणि दोन खैर तोडून नेले होते, त्या वाटेनं. साहेबांनी पट्ट्या टेबलावर टाकल्या. "सरकारी झाडाला सरकारी गॉज. कुणी बांधलं हे?"

बाईंनी एक पट्टी उचलली. गाठ बघितली. बाईंची गाठ सपाट बसायची आणि एका ओढीत सुटायची. ही माझी होती, दोन वेढ्यांची ढोबळी. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मीच," त्या म्हणाल्या.

"तुम्ही? तुम्हाला अट माहीत होती."

"म्हाईत व्हती, साहेब. डोळं गेलं माझं. म्हैना-दोन म्हैनं झालं, लांबचं दिसत न्हाई. वाट चुकाया लागले म्हणून खुणा बांधल्या. रजेवर जाताना हिला पण म्हणलं, त्याच खुणांनी जा. हिचं काय चुकलं न्हाई."

मी तोंड उघडणार तोच बाई म्हणाल्या, "पोरी, साहेबांना च्या ठेव."

मी आत गेले आणि चहा ठेवला. मी एवढंच केलं. स्टोव्हच्या आवाजात बाहेरचं धड ऐकू येत नव्हतं, आणि मला ते बरं वाटत होतं. याची लाज मला आजही वाटते.

चहा पिता पिता साहेबांचा आवाज खाली आला. वय झालेल्या बाई, नजर अधू, त्यांनी मुद्दाम काही केलेलं नाही. परवानगी आपण काढून घेत नाही, म्हणाले, पण यापुढे जिला नीट दिसतं अशाच नर्सला आत सोडू. तसं पत्र ते आमच्या डॉक्टरांना देणार होते. डॉक्टरांनी आठ दिवसांत बाईंना तालुक्याच्या दवाखान्यात डोळे तपासायला पाठवलं. सोबत म्हणून मला.

एसटीत मी म्हणाले, "बाई, मी खरं सांगून टाकते."

"सांग. मग पुढं?"

"पुढं काय व्हायचं ते होऊ दे."

"व्हायचं ते मी सांगते. तुझ्या नावावर तक्रार लागंल, तुला काढतील. साहेब म्हणतील, एवढी शिकल्याली पोर मुद्दाम वाट पाडती, मग परवानगी कशाला ठेवायची. आन् मंगळवारी वस्तीवर कोण जाईल? मी? दीड वरीस. त्यानंतर?" त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. "तुला तीस वर्सं हायेत. गप बस आता."

पुढे मी कायम झाले. बाईंना दवाखान्याच्या वॉर्डात घेतलं, सुया उकळायला आणि पट्ट्या करायला, आणि तिथूनच त्या निवृत्त झाल्या. सायकल त्यांनी परत मागितली नाही. मी तिच्यावरून अकरा वर्षं मंगळवार केला, सहाच्या सहा लाइनी बदलत, माती आली की उतरून, मोठ्यानं वेळापत्रक म्हणत. वाट पुन्हा पडली नाही. बाईंना फॉरेस्टात चला म्हणून मी किती वेळा बोलावलं. त्या म्हणायच्या, "आंधळ्या बाईला कोण आत सोडंल? शेखभाऊंची नोकरी जायची." एकदा बोलून बसल्या ते त्यांनी शेवटपर्यंत निभावलं. निवृत्तीनंतर, अगदी वारेपर्यंत, त्या माळावर त्यांनी एकदाही पाय ठेवला नाही.

पण बाईंची आठवण निघाली की मला फॉरेस्ट आधी आठवत नाही. आठवते ती तालुक्याच्या दवाखान्यातली अंधारी खोली. बाई स्टुलावर बसलेल्या, पाय जुळवून, शाळेतल्या मुलीसारख्या. समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता, आणि डोळे तपासणारे गृहस्थ हातात पट्टी घेऊन उभे. मी बाईंच्या मागे, त्यांच्या उजव्या डोळ्यावर पुठ्ठा धरून. वरची मोठी अक्षरं त्यांनी वाचली. दुसरी ओळ वाचली. तिसऱ्या ओळीला थोडं अडखळल्या.

"चौथी?"

"दिसत न्हाई."

दुसरा डोळा. पुन्हा तेच. गृहस्थांनी बाईंना चष्म्याची चौकट चढवली, एकेक काच बदलली. आता? तसंच हाय. आता? तसंच. ते गोंधळले. एवढ्या काचा बदलून फरक कसा पडत नाही, म्हणाले. बाई तक्त्याकडे सरळ बघत होत्या. मागून मला त्यांचं डोकं किंचित हलताना दिसत होतं, डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडून उजवीकडे. त्या सगळं वाचत होत्या. अगदी खालच्या ओळीपर्यंत.

गृहस्थांनी दिव्याची मान वाकवून उजेड वाढवला. मग मला म्हणाले, "सिस्टर, जरा तुम्ही वाचा बघू. तक्त्यावर उजेड कमी पडतोय का ते कळेल."

मी पुठ्ठा खाली घेतला. शेवटची ओळ वाचली, अक्षर न अक्षर.

"बघा," बाई म्हणाल्या, "पोरीचं डोळं चांगलं हायेत. मंगळवार हिच्याच नावावर टाका."

गृहस्थांनी बाईंची नजर अधू आणि माझी चांगली, असं लिहून दिलं. बाई उठल्या, आणि दारापाशी गेल्यावर उंबरा नीट दिसत असूनही त्यांनी आधारासाठी माझ्याकडे हात पुढे केला.